'अमुक' जागी कोण?

पूजेचा संकल्प आपण सर्वांनी ऐकला आहे. राजूरच्या गणपतीपुढे असो वा घरी, पोथीत 'अमुकगोत्र, अमुकनाम' असे छापलेले असते. गुरुजी तिथे यजमानाचे गोत्र नि नाव घालतात आणि मग संकल्प म्हणतात. नवशिका 'अमुक' तसेच वाचून गेला, तर मंडळी हसतील एवढेच. यंत्राच्या बाबतीत हसून भागत नाही.

आकडेवारीच्या कामाला 'सॅस' नावाची आज्ञावली वापरतात. तिचा उगम अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात, शेतीच्या आकड्यांसाठी झाला. कंपनी निघाली १९७६ साली. तिच्यात दोन भाषा शेजारी नांदतात. एक हिशेब करते. दुसरी, मॅक्रो, हिशेब करीतच नाही. ती हिशेबाची वाक्ये लिहून देते. आपल्या जालना जिल्ह्यात तालुके आठ. पावसाची सरासरी काढणारा मजकूर एकदा लिहायचा, तालुक्याच्या जागी 'अमुक' ठेवायचे. मॅक्रो तिथे भोकरदन, अंबड, परतूर अशी नावे घालून आठ मजकूर तयार करते. (ही जागा एकेरी अवतरणात सापडली तर मॅक्रो तिला शिवत नाही, दुहेरीच हवे. अनेकजण इथे ठेचकाळतात.)

आता खरी मेख पाहा. समजा, शंभर मिलिमीटरहून कमी पाऊस झालेली गावे निवडायची आहेत आणि कुणी तो 'जर' मॅक्रोच्या भाषेत लिहिला. मॅक्रो चालते तेव्हा एकाही गावाची नोंद वाचलेली नसते. तिला पावसाचा आकडा दिसत नाही, त्या रकान्याचे नुसते नाव दिसते. ती नावाची अक्षरे शंभराच्या अंकांशी ताडते. यंत्राच्या क्रमात अक्षरे सहसा अंकांनंतर येतात, म्हणून उत्तर कायम 'नाही'. यंत्र कुरकुर करीत नाही. यादी छापते, ती कोरी! ज्याचे रान वाळले त्याचे गाव कागदावर सुखी.

हा 'जर' हिशेबाच्या भाषेतच हवा, कारण ती प्रत्येक नोंदीपाशी थांबून विचारते. अहवाल खरिपाचा की रब्बीचा, असे आधीच ठाऊक असलेले प्रश्न मॅक्रोला खुशाल विचारावेत.

शिक्षकबंधूंनो, मुलांकडून आधी एकाच तालुक्याचा मजकूर 'अमुक'शिवाय लिहून घ्या, उत्तर हाताने पडताळा, मगच नाव काढून 'अमुक' बसवा. आणि 'एमप्रिंट' ही सोय चालू ठेवा. मॅक्रोने कोणता मजकूर लिहून दिला, तो ओळीओळीने नोंदवहीत दिसतो.