हाडाचा होकार

इम्प्लांटची चौकशी करायला दातांच्या दवाखान्यात गेलं, की डॉक्टर तोंड उघडायला सांगण्याआधी भलतंच काहीतरी विचारू लागतात. शुगर किती असते? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? मशेरी लावता? हाडं ठिसूळ झाली म्हणून कधी इंजेक्शन घेतलंय? गिरगावात खोताच्या वाडीत राहणाऱ्या सत्तरीच्या एखाद्या मावशींना वाटेल, गेलीय माझी दाढ आणि हे कमरेची कसली चौकशी करताहेत? पण यातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न मावशींच्या जबड्याच्या हाडाच्या वतीनं विचारलेला असतो. इम्प्लांट बसवतात डॉक्टर, धरून ठेवतं ते हाड. आणि हाड आयुष्यभर स्वतःला मोडत आणि नव्यानं बांधत असतं.

दादोबा वामन खोतांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या वाडीत ईस्ट इंडियन कुटुंबांनी लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची घरं बांधली. अशा घरातला खांब काढला तर वरची तुळई खचते, कारण भार तसाच राहतो आणि आधार जातो. जबड्यात याच्या नेमकं उलट घडतं. दात जातो म्हणजे हाडावरचा भार जातो, आणि भार गेला म्हणूनच हाड खचतं. हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची घडण बदलतं, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी 1892 साली मांडलं होतं. दात धरून ठेवणं हेच ज्या हाडाचं काम, ते काम संपल्यावर शरीर त्याला पोसत बसत नाही. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षभरात तिथल्या हाडाची रुंदी जवळपास निम्म्यानं घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते.

म्हणून ‘दाढ काढून किती दिवस झाले?’ हाही साधा प्रश्न नव्हे. वरच्या जबड्यात तर आणखी एक गंमत असते. दाढांच्या मुळांच्या वर सायनसची हवेची पोकळी असते. दाढा गेल्या की ती पोकळी हळूहळू खाली पसरते आणि हाड वरून-खालून दोन्हीकडून पातळ होतं. खालच्या जबड्यात हाडाच्या आतून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून साधारण दोन मिलिमीटर तरी अंतर राखावं लागतं. साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा त्रिमित स्कॅन काढतात. हाड कमी पडलं तर भर घालता येते, सायनसचं अस्तर अलगद वर उचलून खाली हाड तयार करून घेता येतं. फक्त त्याला काही महिने जास्त लागतात.

आता मुळातलं आश्चर्य. बाहेरची वस्तू शरीरात घातली की शरीर तिला वेढून वेगळं पाडायला बघतं. मग एका धातूचा स्क्रू हाड आपलासा कसा करतं? याचं उत्तर दाताच्या डॉक्टरांना नव्हे, एका सशाला आधी सापडलं. 1952 साली स्वीडनमधल्या लुंड इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची छोटी सूक्ष्मदर्शकाची कुपी बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती महागडी कुपी पुन्हा वापरायला काढू गेले, तर निघेना. हाड तिला थेट चिकटून वाढलं होतं, मधे कुठलंही मऊ आवरण नव्हतं. 1965 साली योस्ता लार्सन या पहिल्या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. लार्सन 2006 साली वारले, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ते इम्प्लांट काम देत होते. तरीही दंतवैद्यक जगाचा विश्वास बसायला 1982 साल उजाडावं लागलं. त्या वर्षी टोरांटोच्या परिषदेत ब्रोनेमार्क यांनी आपले पुरावे मांडले.

टायटॅनियमची खुबी त्याच्या कातडीत आहे. हवा लागताच या धातूवर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा थर चढतो. खरवडला तर क्षणात पुन्हा येतो. हाडाच्या पेशींची गाठ पडते ती धातूशी नव्हे, तर या न गंजणाऱ्या, न विरघळणाऱ्या थराशी. आणि हा धातू आपल्याला परका तरी कुठे? गिरगावातल्या कितीतरी घरांचं गाव ज्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे, तिथल्या काही किनाऱ्यांवरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट सापडतं, म्हणजे टायटॅनियमचं खनिज. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ते किनाऱ्याशी आलं. गावच्या वाळूत पाय रोवून उभ्या राहणाऱ्या मावशींच्या तळव्याखाली, त्यांच्या जबड्यात जायच्या धातूचे कण असतात.

स्क्रू बसवल्यावर आत काय चालतं? पहिल्या दिवशी तो घट्ट असतो, पण नुसता रुतल्यामुळे. मग हाड खाणाऱ्या पेशी छिद्राभोवतीचं दुखावलेलं हाड साफ करू लागतात, आणि त्यांच्यामागून हाड बांधणाऱ्या पेशी नवं हाड रचत येतात. जुनी पकड सुटत चाललेली आणि नवी अजून न आलेली, असा नाजूक काळ तिसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. नेमकं तेव्हा दुखणं थांबलेलं असतं आणि माणसाला चकली खावीशी वाटते! पक्की पकड यायला खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने लागतात, वरच्या जबड्याचं हाड जास्त सच्छिद्र, म्हणून तिथे थोडे जास्त. ‘एका दिवसात दात’ हे काही जणांच्या बाबतीत शक्य असतं, पण पहिल्या दिवशीची घट्ट पकड पुरेशी आहे की नाही, हे स्क्रू बसवतानाच कळतं. छिद्र पाडतानाही जपावं लागतं. हाडाचं तापमान एक मिनिटभर 47 अंश सेल्सियसला पोचलं तरी त्याला इजा होते, असं 1983 साली सशांवरच्या प्रयोगांत दिसलं. म्हणून ड्रिलवर सलाइनची धार सतत सोडलेली असते.

या पेशींची कामं डोळ्यांसमोर ठेवली की दवाखान्यातले सगळे प्रश्न उलगडतात. शुगर सतत जास्त असेल तर हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात आणि जखमेत जंतू माजतात. म्हणून एचबीए1सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब बघतात. मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट बंद असं नाही, तो आटोक्यात हवा. विडी-सिगारेटनं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या हाडाला रसद पोचत नाही. मशेरी तर थेट हिरडीवरच घासली जाते. सुपारी-गुटख्यानं गालाची आतली त्वचा ताठ होऊन तोंडच पुरेसं उघडेनासं होतं, मग ड्रिल आत जाणार कसं? आपली तीन बोटं एकावर एक उभी तोंडात मावतात का, हे घरीच बघता येईल.

ठिसूळ हाडांवरची काही औषधं हाड खाणाऱ्या पेशींना आवर घालतात. कमरेला ते हिताचं, पण जबड्यातली साफसफाईही त्यानं थंडावते. क्वचित जबड्याचा तुकडा निर्जीव होतो, आणि कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत शिरेतून औषध घेतलेल्यांना हा धोका बराच जास्त असतो. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जबड्यावर रेडिएशन घेतलेल्यांच्या हाडातल्या रक्तवाहिन्या कमी झालेल्या असतात, तिथे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करू नये, ते हृदयाचे आणि दातांचे डॉक्टर मिळून ठरवतात. वयाचं म्हणाल, तर वरची मर्यादा नाही, खालची आहे. वाढत्या मुलाच्या जबड्याबरोबर बाकीचे दात सरकतात आणि इम्प्लांट मात्र जागीच अडकून मागे राहतो.

त्या अडकण्यातच त्याचं वेगळेपण आहे. आपला दात हाडात ठोकलेला नसतो, बारीक धाग्यांच्या झोळीत टांगलेला असतो. त्या धाग्यांतल्या नसांमुळे केसाहून बारीक कणही दाताखाली जाणवतो. इम्प्लांटला झोळी नाही, त्याला जाणवतं ते हाडातून आणि बरंच बोथट. म्हणून रात्री दात खाणाऱ्या माणसाचा जोर त्यावर नकळत जास्त पडतो, आणि डॉक्टर तेही विचारून घेतात. इम्प्लांट किडत नाही, पण भोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकतं. म्हणून आधी दात साफ करून हिरड्यांचा आजार बरा करून घ्यायचा, मगच स्क्रू.

मावशींनी तयारी काय करावी? सगळ्या गोळ्यांची आणि इंजेक्शनांची यादी न्यावी, जुनी बंद झालेलीही. मशेरी शस्त्रक्रियेच्या निदान आठवडाभर आधी सोडावी आणि नंतर दोन महिने तरी हात लावू नये, कायमची सुटली तर सोन्याहून पिवळं. नुसती जागेपुरती भूल द्यायची असेल तर घरून नीट खाऊन निघावं, गुंगीचं औषध द्यायचं असेल तर सांगतील तितका वेळ उपाशी राहावं. खर्चाची धास्ती वाटली किंवा दुसरं मत हवं असलं, तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय वाडीपासून लांब नाही. आणि डॉक्टरांनी नकार दिला तर एवढं जरूर विचारावं: ‘नाही’ म्हणताय की ‘आत्ता नाही’? वाढलेली शुगर, सुजलेली हिरडी, मशेरीची सवय, आकसलेलं हाड ही सगळी ‘आत्ता नाही’ची कारणं आहेत, आणि त्यातली निम्मीअधिक मावशींच्याच हातात आहेत.