खड्याचा हिशेब

सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘रीनल कॅल्क्युलस’ असं दिसलं की माणूस हवालदिल होतो. मुतखडा! आणि बारावीच्या पोराला कॅल्क्युलस म्हटलं की डेरिव्हेटिव्ह नि इंटिग्रेशन आठवतं. दोघांना घाम फोडणारा शब्द एकच. गंमत म्हणजे त्यातल्या त्यात शब्दशः बोलतात ते डॉक्टर. लॅटिनमध्ये ‘कॅल्क्स’ म्हणजे चुनखडी आणि ‘कॅल्क्युलस’ म्हणजे छोटासा खडा. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने मूत्राशयातला खडा कापून काढायची शस्त्रक्रिया अगदी तपशिलाने लिहून ठेवली आहे. भूल नसलेल्या काळात!

मग खड्याचं गणित कसं झालं? रोमन अंक शिलालेखावर शोभून दिसतात, पण मोठी आकडेमोड त्यांत करायची म्हणजे जिकिरीचं काम. म्हणून पाटावर रेघा आखायच्या आणि त्यावर खडे सरकवत हिशेब करायचा. पोरांना असे हिशेब शिकवणाऱ्या मास्तराला म्हणत ‘कॅल्क्युलेटर’. म्हणजे रोममध्ये कॅल्क्युलेटर हा चक्क हाडामांसाचा माणूस होता.

पुढे हा पाट हातात मावेल इतका लहान झाला. रोमन काळातली अशी काशाची पाटी पाहावी तर तिच्यात उभ्या खाचा असतात आणि खाचांत सरकणारे मणी. खालच्या लांब खाचेत चार मणी, प्रत्येकाची किंमत एक. वरच्या आखूड खाचेत एकच मणी, त्याची किंमत पाच. चार आणि पाच मिळून नऊ. पुढे हातचा एक शेजारच्या खाचेत. एका खाचेत मात्र खाली पाच मणी, आणि तिथे वरचा मणी सहाचा. का? तर रोमन माणूस ‘आस’ या एककाचे बारा भाग करायचा. पाच आणि सहा, अकरा. बारावा आला की पुढे एक. शून्य लिहायला चिन्ह नाही, पण एकही मणी न सरकवलेली खाच तेच काम करते! हातात धरलेल्या वस्तूला जे सहज कळत होतं, ते कागदावर यायला युरोपात कितीतरी शतकं जावी लागली.

एकदा खडा म्हणजे हिशेब झाला, की तो कुठेही जाऊन बसायला मोकळा. निवाड्यात काळा खडा दोषी, पांढरा निर्दोष. मैत्रीत दिल्याघेतल्याचा ताळा जमवू पाहणाऱ्यांना सिसेरो या रोमन वक्त्याने फटकारलं, तेही याच खड्यांच्या भाषेत. थ्रेसच्या लोकांविषयी थोरला प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवलेली रीत तर विलक्षण आहे. दिवस बरा गेला की वाईट, त्याप्रमाणे वेगळ्या रंगाचा खडा घड्यात टाकायचा आणि माणूस गेला की खडे निवडून मोजायचे. त्यावर ठरायचं आयुष्य कसं गेलं ते. प्लिनी यावर खवचटपणे विचारतो: ज्या दिवसाला पांढरा खडा दिला, त्याच दिवशी पुढच्या अरिष्टाचं बी पेरलं गेलं असेल तर? हा प्रश्न मला त्या रीतीपेक्षाही भारी वाटतो.

लॅटिन ही फक्त विद्वानांची भाषा राहिली, तोवर गणितात ‘कॅल्क्युलस’चा ‘आकडेमोडीची रीत’ एवढाच अर्थ उरला होता. १६८४ साली जर्मन गणितज्ञ लायब्निझने लाइपझिगच्या नियतकालिकात आपली नवी पद्धत छापली, तेव्हा लेखाच्या लांबलचक शीर्षकात हाच शब्द होता. आता नीट पाहा. खडे सुटे असतात. दोन खड्यांच्या मधे काही नसतं. आणि ही नवी पद्धत होती अखंड बदलाची: वक्ररेषेची, क्षणाक्षणाला पालटणाऱ्या वेगाची. जे खड्यांनी कधीच मोजता आलं नसतं, त्याच्या शास्त्राला नाव मिळालं खड्याचं. न्यूटनने याच विषयाला दिलेलं नाव खरं तर जास्त चपखल होतं. ‘फ्लक्शन’, म्हणजे वाहणं. इंग्लंडात ते शंभर-सव्वाशे वर्षं अभिमानाने टिकवलं गेलं, आणि मग तिथल्या गणितज्ञांनीही लायब्निझची चिन्हं आणि त्याचा खडा उचलला.