वाऱ्याचं बेट, लेकीचं घर

ग्रीस म्हटलं की पांढरी घरं आणि पर्यटकांची झुंबड डोळ्यांसमोर येते. क्रीट आणि ऱ्होड्सच्या मधलं कार्पाथोस बेट मात्र शांत आहे. उन्हाळ्यात इथे 'मेल्तेमी' हा उत्तरेकडचा वारा घोंघावतो. दक्षिणेला आफियार्तिसच्या किनाऱ्यावर त्याच्याच जोरावर विंडसर्फिंग चालतं. फळीवर उभं राहायचं, शीड हातात धरायचं आणि सुसाट निघायचं! 'हे काय बायकांचं काम?' असं वाटलं ना? अहो, इथे ताकदीपेक्षा तोल महत्त्वाचा. १९९२पासून ऑलिंपिकमध्येही स्त्रिया यात उतरल्या. नवशिक्यांसाठी इथे वेगळी खाडी आहे, तिला गमतीने 'चिकन बे' म्हणतात.

उत्तरेला डोंगरावर ऑलिंपोस गाव आहे. तिथल्या काही वयस्क बायका आजही पारंपरिक पोशाखात वावरतात, घराबाहेरच्या भट्टीत पाव भाजतात. पुरुष पोटापाण्यासाठी परदेशी गेले, गाव सांभाळलं ते बायकांनी. परंपरेने आईचं घर मिळायचं थोरल्या लेकीला! धाकट्या बहिणींच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा राबणंच यायचं. म्हणजे बायकांचं राज्य असलं, तरी सगळ्याच बायकांचं नव्हे.

जुलै-ऑगस्टमध्ये वारा फार जोरात असतो. त्यामुळे पहिल्यांदाच शिकणारीने जून किंवा सप्टेंबर गाठावा. मैत्रिणींनो, अर्धी सुट्टी पाण्यावर घालवा आणि अर्धी ऑलिंपोसच्या भट्टीपाशी!