परसातला वाल : कीड, रोग की जमिनीचा दोष?

नातेपुते, माळशिरस भागातल्या चुनखडीच्या जमिनीत वालाचं पान पिवळं पडलं, की हात औषधाच्या बाटलीकडे जातो. तो आधी पानाकडे जायला हवा. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, तर ती बहुधा लोहाची कमतरता. तिथे कीटकनाशक वाया जातं. पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे म्हणजे पिवळा मोझॅक: विषाणूजन्य, पांढऱ्या माशीने पसरणारा, इलाज नसलेला. असा वेल उपटूनच टाकावा. पानावर पांढरी पूड दिसली तर भुरी. तिच्यावर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला 2 ग्रॅम, पण कडक उन्हात नको, पानं करपतात.

शेंड्यावर दाटलेला काळा मावा रस शोषतो, त्याच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते. जालीम औषधाने मावा खाणारे ढालकिडेही मरतात आणि मावा पुन्हा उसळतो. त्यापेक्षा निंबोळी अर्क बरा. तो सावकाश काम करतो, ही तक्रार खरी आहे. पण चार वेलांना तोवर पाण्याचा जोरदार फवारा पुरतो, आणि शेंग घरातच खायची असते. 5 टक्के अर्कासाठी लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवावी, ते पाणी फडक्याने गाळावं आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूनेही फवारावं.