मेंदू आणि प्रजनन संप्रेरके : डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या संशोधनाचा परिचय

प्रस्तावना

सुरत शहरातील लिंबायत भागात खानदेशातून कामधंद्यासाठी आलेली अनेक मराठी भाषिक कुटुंबे राहतात. मूल झाले नाही तर दोष प्रथम सुनेच्या पदरात टाकायचा, ही समजूत अशा वस्त्यांतून अजून गेलेली नाही. सुशिक्षित घरेही तिला अपवाद नाहीत. प्रजनन संस्थेचा पाठ शिकवताना अंडाशय व वृषण यांच्या आकृत्या फळ्यावर येतात, पण या अवयवांचा कारभार मेंदूतून चालतो ही बाब बहुधा मागे राहते. प्रस्तुत लेखात ही यंत्रणा व तिच्या अभ्यासातील एका भारतीय शास्त्रज्ञाचे कार्य यांचा थोडक्यात परिचय करून दिला आहे.

नियंत्रणाची साखळी

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस म्हणजेच अधश्चेतक हा लहानसा भाग असतो. त्यातील काही चेतापेशी १० अमिनो आम्लांचे एक संप्रेरक स्रवतात. ते सूक्ष्म रक्तवाहिन्यांमधून खालच्या पियुषिका ग्रंथीपर्यंत पोहोचते. पियुषिका मग एलएच व एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते आणि त्यांच्या आज्ञेने अंडाशय किंवा वृषण काम करतात. तेथे तयार झालेली संप्रेरके उलट मेंदूकडे जाऊन पुढील स्राव कमी-अधिक करतात. मेंदूतील या संप्रेरकाची रचना १९७१ मध्ये उलगडली. मेंदूतील अशा संप्रेरकांवरील कार्याबद्दल अँड्र्यू शॅली व रॉजर गिलेमिन यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

हा संदेश सतत वाहत नाही, ठरावीक अंतराने येतो. अमेरिकेत अर्न्स्ट नोबिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये माकडांवरील प्रयोगांतून हे दाखवले. मेंदूतील मूळ स्राव बंद पाडलेल्या माकडांना दर तासाला ६ मिनिटे हे संप्रेरक दिले असता पियुषिका नीट काम करू लागली. तेच सतत दिले असता तिचा स्राव घटला. म्हणजे संप्रेरकाच्या मात्रेइतकेच त्याच्या तालालाही महत्त्व आहे. दीर्घ उपासमार, अति श्रम किंवा तीव्र मानसिक ताण यांमुळे हा ताल मंदावतो व मासिक पाळी थांबू शकते. अशा वेळी अंडाशय निरोगी असूनही गर्भधारणा होत नाही. पुरुषांतही शुक्रजंतूंची निर्मिती याच साखळीवर अवलंबून असते.

डॉ. आनंद कुमार यांचे कार्य

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत काम करताना डॉ. आनंद कुमार यांनी ऱ्हीसस माकडांच्या मेंदूचा अभ्यास केला. मेंदूच्या तिसऱ्या पोकळीचे अस्तर अधश्चेतकालगत असते. या अस्तरपेशींत नर व मादी यांच्यात फरक आढळतो, असे त्यांनी १९६८ च्या निबंधात दाखवले. पुढे प्रोजेस्टेरॉन नाकात फवारल्यास ते मेंदूभोवतीच्या द्रवात उतरते, हे १९७४ मध्ये मांडले. नियंत्रण मेंदूत आहे, तर अल्प मात्रा थेट मेंदूकडे पाठवून गर्भनिरोध साधता येईल, हा त्यामागील विचार होता. गर्भनिरोधक म्हणून ही पद्धत प्रचारात आली नाही. परंतु विचाराची दिशा महत्त्वाची होती.

नंतर ते मुंबईत परळ येथील प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक झाले. डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्यासह त्यांनी केलेल्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात हर्षा या मुलीचा जन्म झाला. भारतातील पहिली परीक्षानळी बालिका म्हणून तिची नोंद झाली.

श्रेयाचा प्रश्न

कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखर्जी यांनी असाच दावा १९७८ मध्येच केला होता. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी जन्मलेल्या मुलीविषयीचा त्यांचा दावा शासकीय समितीने मान्य केला नाही. उपेक्षा सोसून १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले. १९९७ मध्ये डॉ. आनंद कुमार यांनी मुखर्जींची टिपणे तपासली आणि पहिला मान त्यांचाच आहे, असे ‘करंट सायन्स’मध्ये जाहीरपणे लिहिले. असे लिहिताना ते स्वतःच्या चमूचा पहिलेपणा सोडत होते. डॉ. आनंद कुमार यांचे २०१० मध्ये निधन झाले.

समारोप

अध्यापकांनी या विषयातून दोन गोष्टी विद्यार्थ्यांपर्यंत न्याव्यात. पहिली, वंध्यत्वाचे कारण स्त्रीत, पुरुषात किंवा दोघांतही असू शकते आणि ते कधी कधी मेंदूतील संदेशात असते. म्हणून दोष देण्याआधी दोघांचीही तपासणी आवश्यक आहे. दुसरी, पुरावा समोर आल्यावर स्वतःचा दावा मागे घेणे हादेखील संशोधनाचाच भाग आहे. पाठ्यपुस्तकातील आकृतीबरोबर या दोन गोष्टी वर्गात पोहोचल्या, तर त्यांचा उपयोग परीक्षेपुरता न राहता घरापर्यंत जाईल.