चित्रीकरणाच्या फायलींचा हिशेब

आपल्या वस्त्यांमधील कितीतरी मुले-मुली आज मंगल परिणय, बारसे, जयंतीची मिरवणूक यांचे चित्रीकरण करतात आणि घरच्या कॉम्प्युटरवर त्याचे संकलन, म्हणजे एडिटिंग करतात. शिक्षण सांभाळून चार पैसे मिळवून देणारा हा चांगला उद्योग आहे. परंतु हात कितीही कुशल असला तरी फायली सांभाळण्याची शिस्त नसेल, तर महिन्याची मेहनत एका दिवसात वाया जाते. नुकसान फक्त आपलेच होत नाही. लग्न पुन्हा लावता येत नाही आणि त्यात आशीर्वाद देणारी आजी पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

पहिली गोष्ट समजून घ्यावी ती अशी, की संकलन करताना आपण जी 'प्रोजेक्ट' फाईल सेव्ह करतो तिच्यात चित्रीकरण नसते. प्रोजेक्ट ही खातेवही आहे असे समजा. अमुक पावती अमुक कपाटात आहे, एवढीच नोंद वहीत असते. पावत्या म्हणजे मूळ चित्रीकरण, गाणी आणि फोटो. त्या वेगळ्याच जागी असतात. कपाट हलवले की वहीतली नोंद निरुपयोगी होते. पेन ड्राइव्हवरूनच काम केले आणि तो काढून दुसऱ्याला दिला, की पडद्यावर 'मीडिया ऑफलाइन' असे दिसते ते यामुळेच. फाईल नुसती हलवली असेल तर तिची नवी जागा दाखवून काम पुन्हा सुरू करता येते. ती पुसली गेली असेल तर मात्र वही असून उपयोग नाही.

म्हणून प्रत्येक कामाचा एक स्वतंत्र फोल्डर करावा. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी कामाचे नाव घालावे, म्हणजे सर्व कामे तारखेप्रमाणे ओळीने लागतात. आत पाच कप्पे करावेत : मूळ चित्रीकरण, आवाज व गाणी, फोटो, प्रोजेक्ट आणि तयार फिल्म. सर्व सामान आधी यात आणावे, नंतरच संकलनाला बसावे. मध्येच फायलींची नावे किंवा जागा बदलू नयेत.

कॅमेऱ्याचे कार्ड उतरवताना 'कट' न करता 'कॉपी' करावे. फायलींची संख्या व आकार जुळतो का ते पाहावे, दोन-चार फायली चालवून बघाव्यात. दुसरीकडे आणखी एक प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसू नये. नातेवाईकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ घ्यायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवावा, नाहीतर तो दाबून लहान केला जातो आणि चित्राचा दर्जा घसरतो.

कॉम्प्युटर जुना असेल तर 'प्रॉक्सी' म्हणजे हलक्या प्रती बनवून संकलन करता येते. काम संपल्यावर प्रॉक्सी आणि 'कॅश' फायली खुशाल पुसाव्यात, त्या पुन्हा तयार होतात. मूळ चित्रीकरण पुन्हा तयार होत नाही.

प्रतींचा जगभर मानला जाणारा नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातील एक दुसऱ्या जागी. त्याचे मोल मोठ्या कंपनीलाही कळले आहे. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रत तपासली तर तीही नीट झालेली नव्हती. गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ भगिनी बाळंतपणानंतर घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती, तिच्यावरून काम परत मिळाले. आपली तिसरी प्रत मामाच्या घरी ठेवलेल्या हार्ड डिस्कवर असली तरी चालेल.

काम पूर्ण झाले की सर्व सामान एकत्र बांधून ठेवावे. प्रीमियर प्रोमध्ये त्यासाठी 'प्रोजेक्ट मॅनेजर' आहे, मोफत मिळणाऱ्या केडेनलाइव्हमध्ये 'अर्काइव्ह'ची सोय आहे. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह प्रोजेक्ट आपल्याच डेटाबेसमध्ये ठेवतो, म्हणून त्यात फोल्डर कॉपी करून भागत नाही. प्रोजेक्टचे अर्काइव्ह वेगळे काढावे लागते.

जागेचाही हिशेब करावा. फोर-के चित्रीकरणाला मिनिटाला साडेतीनशे एमबीच्या आसपास जागा लागू शकते, म्हणजे तासाला वीस जीबीहून अधिक. हार्ड डिस्कचा खर्च मजुरीत धरावा आणि मूळ चित्रीकरण किती महिने सांभाळणार ते पावतीवर लिहून द्यावे. पुढे वाद होत नाहीत.

पालकांनाही एक विनंती आहे. कॉम्प्युटर भरला म्हणून परस्पर काही पुसू नका, आधी मुलांना विचारा. आणि मुलांनो, आज घरी जाऊन एवढेच पाहा : मागच्या कामाची दुसरी प्रत कुठे आहे? नसेल तर आजच करा.