अतिरिक्त कार्यभार आणि त्याचे वेतन

एखादा अधिकारी बदलून जातो, निवृत्त होतो किंवा दीर्घ रजेवर जातो. नवा माणूस येईपर्यंत शेजारच्या टेबलावरील कर्मचाऱ्यास 'आपले काम सांभाळून एवढेही पाहा' असे सांगण्यात येते. पंधरा दिवसांकरिता म्हणून केलेली ही व्यवस्था कित्येकदा वर्ष-दीड वर्ष चालते. दोन गावांची दप्तरे सांभाळणारा ग्रामपंचायत अधिकारी, वर्गावर शिकवून मुख्याध्यापकाचेही काम पाहणारा शिक्षक यांची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात आढळतील. लेखापरीक्षणात आक्षेप निघाल्यास उत्तर त्यांनीच द्यावयाचे असते. वेतन मात्र पूर्वीचेच राहते. अशा कर्मचाऱ्याचा हक्क कोणता, हे पाहणे अगत्याचे आहे.

केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना याबाबत मूलभूत नियम 49 लागू आहे. त्याच कार्यालयातील, त्याच संवर्गातील वरिष्ठ पदाचा पूर्ण कार्यभार रीतसर आदेशाने दिला असेल, तर त्या वरिष्ठ पदाचे वेतन मिळते. कनिष्ठ पदाच्या कामाबद्दल वेगळे काही मिळत नाही. पद दुसऱ्या कार्यालयातील किंवा दुसऱ्या संवर्गातील असेल आणि कार्यभार 45 दिवसांपेक्षा अधिक काळ राहिला, तर त्या दुसऱ्या पदावर जे वेतन मिळाले असते त्याच्या 10 टक्क्यांपर्यंत जादा वेतन देता येते. याची मुदत तीन महिन्यांची आहे. त्यापुढे कार्मिक व प्रशिक्षण विभागाची संमती लागते. एकाच कार्यालयातील, एकाच संवर्गातील, समान वेतनश्रेणीच्या दोन पदांबद्दल मात्र जादा काही नाही. महाराष्ट्र राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी ही तरतूद महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम, 1981 मधील नियम 56 मध्ये आहे.

खरी मेख आदेशाच्या शब्दांत असते. 'पूर्ण अतिरिक्त कार्यभार' हे शब्द असतील तर जादा वेतनाचा मार्ग मोकळा होतो. त्याऐवजी 'दैनंदिन चालू कामकाज पाहावे' असे लिहिले असेल, तर ते काम कितीही महिने केले तरी मूलभूत नियम 49 प्रमाणे जादा वेतन देय होत नाही. दोन्ही आदेशांनी बसावे लागते त्याच खुर्चीवर! लेखनिकाने सवयीने घातलेला एक शब्द कर्मचाऱ्यास हजारो रुपयांना पडतो. तोंडी सूचनेवरून सांभाळलेल्या कार्यभाराची तर कागदोपत्री नोंदच नसते.

सर्वोच्च न्यायालयापुढे असे वाद अनेकदा गेले आहेत. हरियाणातील श्रीमती पी. ग्रोव्हर यांना जिल्हा शिक्षणाधिकारी या पदावर बढती देण्यात आली, परंतु आदेशात 'स्वतःच्या वेतनश्रेणीत' अशी अट घालण्यात आली. या अटीस कोणताही आधार नाही, असे ठरवून 1983 मध्ये न्यायालयाने त्यांना त्या पदाचे वेतन देवविले. अंदमान-निकोबारमधील सेल्वराज या प्राथमिक शिक्षकाकडे 1992 मध्ये सचिव (स्काउट) या पदाचे काम सोपविण्यात आले होते. ती नियमित बढती नव्हती. तरीही प्रत्यक्ष काम केलेल्या काळापुरते त्या पदाचे वेतन त्यांना मिळाले पाहिजे, असा निर्णय 1998 मध्ये झाला. त्याच वर्षी हरी ओम शर्मा प्रकरणात आणखी एक मुद्दा निकालात निघाला. 'वरिष्ठ पदाचे वेतन मागणार नाही' असे हमीपत्र कर्मचाऱ्याकडून लिहून घेणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध असून भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 23 नुसार ते बंधनकारक ठरत नाही.

दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. रमाकांत श्रीपाद सिनाई अडवलपालकर विरुद्ध भारत सरकार या 1991 च्या निर्णयात न्यायालयाने स्पष्ट केले की, वरिष्ठ पदाचे केवळ काम पाहावयास सांगणे म्हणजे बढती नव्हे. अशा वेळी साधारणतः मूळ पदाचे वेतन व फार तर कार्यभार भत्ता मिळतो. म्हणून ज्येष्ठतेची वा पदाची मागणी आणि केलेल्या कामाच्या मोबदल्याची मागणी यांची सरमिसळ एकाच अर्जात करू नये. तसे केल्याने, आमच्या मते, न्याय्य मागणीही दुबळी होते.

कार्यभार स्वीकारतानाच लेखी आदेश मागून घ्यावा आणि कार्यभार हस्तांतरणाच्या अहवालावर तारीख व वेळ नोंदवावी. हे मागणे उद्धटपणाचे नव्हे; अधिकाऱ्यांनीही ते तसे समजू नये. आदेशात पदाचे नाव व 'पूर्ण कार्यभार' हे शब्द नसतील, तर सुरुवातीच्या आठवड्यातच दुरुस्तीची विनंती करावी. त्या काळात सह्या केलेली देयके, नोंदवह्या व सभांची इतिवृत्ते यांच्या प्रती जपून ठेवाव्यात. मग आदेश, कालावधी व नियम यांचा उल्लेख करून कार्यालयप्रमुखांकडे अभिवेदन द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

सहा महिन्यांत उत्तर न आल्यास राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यास त्यापुढील एका वर्षाच्या आत महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना मात्र उच्च न्यायालयात जावे लागते. विलंब झाला तर हक्क मान्य होऊनही पैसा बुडतो, कारण वेतनाच्या थकबाकीबाबत 2008 च्या तरसेम सिंग निर्णयानुसार दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच रक्कम सामान्यतः मंजूर होते.